इंजिन उघडण्याआधी धूर बघा
हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल संपतंय आणि मेकॅनिक थेट बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपया घाई करू नका. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केल्यावर निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हजवळून ऑइल आत गळू न देणारी रबरी टोपणं) कडक झालेत. रेस केल्यावर सतत येत असेल, तर पिस्टनभोवतीच्या रिंगांवर संशय घ्या. खात्रीसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजा, मग स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढलंच, तर सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवा. ओरखड्यात अडकलं तर नुसत्या नव्या रिंगांनी भागणार नाही. तोवर ऑइलची पातळी मात्र रोज तपासा, कमी ऑइलवर पळवून माझ्या गाडीचा क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) गेला होता.