अनुभव धागा: बंद रेल्वेच्या जागेवर ट्रेल झाली, पण पैसा कुठून आला?

वऱ्हाडी_माणूस
मी मूळचा परतवाड्याचा, सध्या उत्तर व्हर्जिनियात. घराजवळून डब्ल्यू अँड ओडी ट्रेल जाते, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरची चालायची-सायकलची वाट, ४५ मैल. गाडी १९६८ला बंद पडली, जागा वीज कंपनीने घेतली आणि तिच्याकडून इथल्या प्रादेशिक पार्क ऑथॉरिटीने तुकड्यातुकड्याने विकत घेत १९८२पर्यंत व्यवहार पुरा केला. विजेच्या तारा अजून डोक्यावर आहेतच. ही ऑथॉरिटी स्वतःचा रोजचा बहुतेक खर्च वॉटरपार्क, गोल्फ असल्या गोष्टींच्या फीमधून काढते, म्हणजे आमची पोरं घसरगुंडीवर ओरडतात त्यातून कुठेतरी ट्रेलचं गवत कापलं जातं.

विचारायचं कारण असं की गावाकडे शकुंतलेचे, म्हणजे आमच्या बंद पडलेल्या छोट्या गाडीचे, रूळ गवतात पडलेत. मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किमी, मूर्तिजापूर-यवतमाळ ११३. गावच्या ग्रुपवर सहज म्हणलं की इथे असं काही करता येईल का, तर लोकं तुटून पडली, आम्हाला गाडी पाहिजे बगीचा नको म्हणे. त्यांचं चूक नाही. पण मला पैशाचं गणित समजून घ्यायचंय. तेव्हा फोटो टाकू नका, ते गूगलवर आहेत. जमीन कोणी घेतली, बांधायला कोणी दिले आणि आज झाडू कोण मारतं, एवढं सांगा.

लेव्हीग्रस्त
कर्कलंड, सिएटलच्या पलीकडचं. शहराने २०१२ला पोर्ट ऑफ सिएटल या बंदर चालवणाऱ्या सरकारी संस्थेकडून जुन्या रेल्वेमार्गाची पावणेसहा मैलांची पट्टी ५० लाख डॉलरला घेतली. त्याच वर्षी पार्कसाठीची लेव्ही मतदानाला आली. लेव्ही म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सवर ठराविक कामासाठी, ठराविक दराने वाढीव कर, आणि तो लोकांनी मत देऊन स्वतःवर लावून घ्यायचा. काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखी) वेगळी पार्क लेव्ही आहे, ती दर सहा वर्षांनी नव्याने मागावी लागते. गंमत अशी की आमच्यासारखे व्हिसावाले टॅक्स पूर्ण भरतात, मत मात्र नाही, त्यामुळे मी काय केलं तर मत असलेल्या शेजाऱ्यांचं डोकं खाल्लं. समोरच्या आजोबांचा मुद्दा होता की आधी रस्ते नीट करा. पण मला शहराचं एक आवडलं, डांबराच्या पैशासाठी थांबले नाहीत, रूळ उचलले आणि बारीक खडी अंथरून २०१५ला वाट खुली करून टाकली. एकदा लोकं रोज चालायला लागली की पुढचे पैसे मागणं सोपं जातं, कारण तेव्हा कागदावरचा नकाशा दाखवावा लागत नाही.

बुकिट_तिमा
सिंगापूर. २४ किमीचा रेल कॉरिडॉर. मलेशियाच्या रेल्वेची जमीन १ जुलै २०११ला परत आली आणि पुढचं सगळं सरकारने केलं, वर्गणी नाही, पावती नाही. लोकांनी पैसा नाही, पण सलग हिरवा पट्टा ठेवा ही मागणी लावून धरली. इथल्या नेचर सोसायटीने तर जमीन परत यायच्या आधीच, २०१०ला प्रस्ताव दिला होता. या शहरात जमिनीचा भाव बघता तिथे टॉवर न बांधणं हीच खरी देणगी म्हणायची.

खडी_सिमेंट
ओहायोत कन्सल्टन्सीत आहे, अशा ट्रेलांची एस्टिमेटं करणं हे पोटापाण्याचं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

अमेरिकेत १९९१च्या वाहतूक कायद्यापासून फेडरल रस्ते निधीतला एक छोटा हिस्सा पायी-सायकल कामांना मिळायला लागला, साधारण ८० टक्के केंद्र सरकार, २० टक्के तुम्ही. ऐकायला भारी वाटतं. पण हा पैसा आगाऊ मिळत नाही, आधी खर्च करा, बिलं लावा, मग परतफेड. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाच्या खात्यात तेवढी रोकड कुठून असणार, मग काउंटीकडून उसनवारी, बँकेचं कर्ज, एखाद्या फाउंडेशनच्या दारात जाणं. आमच्या एका कामात मंजुरी हातात असून केवळ २० टक्क्यांसाठी फाइल पडून होती. शेवटी बेकसेल (घरचे केक-बिस्किटं विकणं), मॅरेथॉन, बाकांवर नावं असं करून गावाने ते जमवले. बेकसेलने पूल होत नाही हे खरं, पण देणाऱ्या मोठ्या संस्थेला गाव मागे आहे हे दिसतं.

दुसरं, मैलाला डांबर किती लागेल हे सगळे विचारतात. डांबर किरकोळ आहे हो! पैसा खातात ते पूल, कल्व्हर्ट (पाणी जायच्या मोऱ्या) आणि मोठ्या रस्त्यावरची ओलांडणी. शिवाय रुळांखालच्या लाकडी स्लीपरना क्रिओसोट, म्हणजे कुजू नये म्हणून लावायचं विषारी तेल, चोपडलेलं असतं, पूर्वी रुळांवर तण मारायला आर्सेनिकची औषधं फवारलेली असायची, त्यामुळे माती तपासल्याशिवाय खरेदीखतावर सही करायची नाही. लोखंड विकून भांडवल उभं करू असं पण कोणी ना कोणी बोलतंच, तर बहुतेक सौद्यांत रेल्वे कंपनी रूळ आधीच काढून नेते.

वऱ्हाडी दादा, तुमच्या ग्रुपसाठी एक कामाचं सांगतो. इथे १९८३पासून रेलबँकिंग आहे. गाडी थांबली तरी मार्ग कायद्याने सोडून दिलेला धरत नाहीत, ट्रेल ही मधल्या काळाची सोय आणि पुढेमागे रेल्वेला परत यायची मुभा. शेजारचे जमीनमालक कोर्टात गेले की गाडी बंद झाली आता जमीन आमची, पण १९९०ला सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. भरपाईचे दावे लागतात ते फेडरल सरकारवर, ट्रेलवाल्या मंडळावर नाही. ही तरतूद नसती तर निम्म्या समित्या वकिलाच्या फीमध्येच संपल्या असत्या.

चेल्सीची_शेजारीण
न्यूयॉर्कच्या हायलाइनचं, म्हणजे उंच रेल्वेपुलावर केलेल्या बागेचं, माझ्याकडून. शेवटची मालगाडी १९८०ला गेली, खालच्या प्लॉटवाल्यांना तो लोखंडी पूल पाडून हवा होता. १९९९ला तो वाचवायला फ्रेंड्स ऑफ द हायलाइन ही संस्था सुरू झाली. खरी मेख २००५च्या रिझोनिंगमध्ये, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे नियम बदलले त्यात, आहे, पुलाखालच्या मालकांना त्यांचा बांधकामाचा हक्क जवळपासच्या प्लॉटना विकायची परवानगी मिळाली. मुंबईकरांना टीडीआर समजावून सांगायला नको! विरोध करणारे एकदम गप्प. पहिल्या दोन टप्प्यांना १५ कोटी डॉलरच्या वर गेले, त्यातले ११ कोटींहून जास्त शहराचे. पण रोजचा खर्च जवळजवळ सगळा ती संस्था देणग्यांतून उभा करते. मी मेंबर आहे, दरवर्षी पत्र येतं, भरते. पण भाडं इतकं वाढलं की आमच्या बिल्डिंगमधले जुने लोक एकेक करून गेले, आणि हा खर्च कुठल्याच अहवालात येत नाही. प्रत्येक गावाने हायलाइनची नक्कल करू नये असं माझं स्पष्ट मत.

काटेझुडूप
इंग्लंडमधली ब्रिस्टल-बाथ ट्रेल, १३ मैल. १९७९पासून ८६पर्यंत थोडी थोडी करत बांधली, बरंचसं काम स्वयंसेवकांनी आणि सरकारी रोजगार योजनेतल्या लोकांनी केलं. त्याच मंडळींची पुढे सस्ट्रान्स ही सायकलमार्गांची संस्था झाली आणि १९९५ला राष्ट्रीय सायकल जाळ्यासाठी लॉटरीच्या निधीतून त्यांना ४ कोटी ३५ लाख पौंड मिळाले. म्हणजे लोकांनी तिकिटं फाडली आणि सायकलवाल्यांचं भलं झालं. मी हिवाळ्यात ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं छाटायला जातो. फुकट हात मिळतात, पण जुने रेल्वे पूल रंगवायला, दगड सांधायला फुकट हात चालत नाहीत.

मिझुरीतली_मावशी
केटी ट्रेल, २४० मैलांच्या आसपास. १९८६ला पुराने मार्ग खराब झाला नि रेल्वेने तो नाद सोडला. टेड जोन्स म्हणून ब्रोकरेज कंपनीवाले होते, त्यांनी आणि पत्नी पॅट यांनी २० लाखांवर डॉलर दिले म्हणून राज्याला तो घेता आला. शेतकऱ्यांचा विरोध कडक होता, चोरटे येतील, कुंपण तोडतील. आमच्या ओळखीचे एक त्यातलेच, आता घरात सायकलवाल्यांसाठी खोल्या भाड्याने देतात.

पण वऱ्हाडी भाऊ, झाडू कोण मारतं विचारलंत ना, तर इथे १९८४ला लोकांनी मत देऊन विक्रीकर लावून घेतलाय, शंभर डॉलरच्या खरेदीवर दहा सेंट. निम्मे पार्कांना, निम्मे शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून. पार्कवाल्यांनी शेतकऱ्याला सोबत घेतलं म्हणून ग्रामीण भागातूनही मतं आली असं मला वाटतं. ठराविक वर्षांनी तो परत मतदानाला येतो नि पास होतो. १९९३च्या पुरात ट्रेल पुन्हा वाहून गेली होती, तेव्हा देणगी कधीच संपलेली होती.

ताळेबंद
पुण्यात एका संस्थेचे हिशोब बघतो. भारतात कोणी विचारलं तर पहिलं नाव सीएसआरचं येतं, २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकामाला द्यायचे ते २ टक्के. आम्ही रेल्वेच्या नाही पण एका सरकारी पट्ट्यावर चालायची वाट करायचा प्रस्ताव नेला होता. कंपनीच्या बाई चांगल्या होत्या, पहिलाच प्रश्न, जागा कुणाची? सातबारा किंवा मालकाची एनओसी आणा. ती येईपर्यंत आर्थिक वर्ष संपलं आणि पैसे शाळेच्या टॉयलेटला गेले. पुढच्या खेपेला एनओसी होती तर बाक आणि बोर्ड द्यायला तयार, वॉचमनच्या पगाराला नाही, देखभाल आमच्यात बसत नाही म्हणे. रेल्वेच्या जागेचं तर जास्तच अवघड, कारण रिकाम्या जमिनीतून उत्पन्न काढायला रेल्वेचं वेगळं भूमी विकास प्राधिकरणच आहे. तेव्हा वऱ्हाडी, आधी रेल्वेकडून भाडेपट्टा मिळतो का बघा, निदान एका स्टेशनपासून पुढच्या गावापर्यंतच्या तुकड्याचा, आणि अर्जात लिहा की गाडी परत आली तर आम्ही उठू. देणगीचं पावतीपुस्तक त्यानंतर छापा.

वऱ्हाडी_माणूस
गाडी आली तर आम्ही उठू, हे वाक्य ग्रुपवर टाकलं. शिव्या कमी झाल्यात, एकाने विचारलं की भाडेपट्टा कोणाच्या नावाने घ्यायचा, नगरपालिकेच्या का ट्रस्टच्या. कोणाला अनुभव असेल तर लिहा.