बीडीएस घेऊ की फिजिओ? घरात रोज भांडण चालूय

लातूरची_रिपीटर
नमस्कार. नीटचा माझा दुसरा अटेम्प्ट होता, एमबीबीएस याही वर्षी होत नाही हे आता पक्कं झालंय. तिसऱ्यांदा बसायची माझ्यात ताकद नाही आणि पप्पांच्या खिशात पण नाही. मागच्या वर्षीच्या कटऑफवरून दोन गोष्टी जमतील असं वाटतंय, एक म्हणजे खासगी कॉलेजला बीडीएस, नाहीतर मुंबईत सरकारी कॉलेजला बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री. मम्मी म्हणते बीडीएसच घे, नावापुढे डॉक्टर लागतं, फिजिओवाले काय नुसता शेक देतात. मामा म्हणतात गल्लोगल्ली डेंटिस्ट झालेत, माशा मारत बसशील. मला विचाराल तर बायो आवडतं, चित्रकला बरी आहे, रक्ताची भीती नाही, पण एका जागी फार वेळ बसवत नाही. पुढे जमलं तर बाहेर जायचं पण डोक्यात आहे. जे या फील्डमधे आहेत त्यांनीच सांगा प्लीज, ऐकीव नको.

दाढदुखी
मी २०१४ ची बीडीएस, तालुक्याच्या गावात स्वतःचं क्लिनिक आहे. आधी कॉलेजचं सांगते. पहिल्याच वर्षी मेणाचा ठोकळा हातात देतात आणि त्यातून मापात दाढ कोरायला लावतात. माझी पहिली दाढ बटाट्यासारखी झाली होती, मॅडमनी काही न बोलता ती परत वितळवायच्या भांड्यात टाकली. पुढची सगळी वर्षं हेच, अर्धा मिलिमीटर इकडं की तिकडं. फायनलला कोटा असतो, इतके दात काढले पाहिजेत, इतके सिमेंटने भरले पाहिजेत, इतक्या कवळ्या, आणि पेशंट मिळेना की तोच शोधून आणायचा. कवळीसाठी मी आमच्या आजोबांना एसटीने पाच खेपा आणलं होतं, शेवटच्या खेपेला ते म्हणाले आता दात नकोत पण प्रवास थांबव.

खरा खर्च डिग्रीनंतर सुरू होतो हे कुणी सांगत नाही. दुसऱ्याच्या क्लिनिकमधे मी महिना बारा हजारावर दोन वर्षं काढली. मग खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्सरे, ऑटोक्लेव्ह, भाड्याचं डिपॉझिट असं सगळं धरून नऊ लाखाचं लोन, ते पण खुर्ची सेकंडहँड घेऊन. पहिली दोन वर्षं जे यायचं ते हप्त्यात जायचं. आता बरं चाललंय, खोटं कशाला बोलू, आमच्याकडं मिश्री आणि तंबाखू आहे तोवर पेशंट कमी पडत नाहीत. फक्त रूट कॅनालचा खर्च सांगितला की निम्मे म्हणतात मॅडम काढूनच टाका. आणि दिवसभर वाकून मान गेलीय ती वेगळीच, त्यासाठी मी कुणाकडं जाते माहितीय का, फिजिओकडं 😄

स्कूटरवाला_फिजिओ
ताई तुमच्यासारख्या मानांवरच आमचं घर चालतं 😄

लातूरकर, "नुसता शेक" हे ऐकून कान किटलेत. माझे एक पॅरालिसिसचे काका आहेत, नव्वद किलो. पहिले आठ दिवस त्यांना पलंगाच्या कडेला नुसतं बसतं करण्यात गेले, कंबरेला पट्टा बांधून, माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवून, घाम माझाच जास्त. तिसऱ्या महिन्यात ते स्वतः संडासला चालत गेले तेव्हा काकू दाराबाहेर रडत होत्या. एका जागी बसवत नसेल तर हे काम तुला झेपेल, फक्त अंगमेहनत आहे हे धरून चाल.

आता पैसे. हॉस्पिटलमधे मला सुरुवातीला चौदा हजार मिळायचे, एमपीटीएच म्हणजे मास्टर्स झाल्यावर पण फार काही उड्या नाहीत. कमाई होम व्हिजिटमधे. सकाळी सहाला स्कूटर काढतो, नऊपर्यंत तीन घरं, मग हॉस्पिटल, संध्याकाळी परत दोन. भांडवल म्हणजे एक टेन्स मशीन (दुखण्यावर हलका करंट देणारं), थेराबँड म्हणजे व्यायामाचे रबरी पट्टे आणि पेट्रोल. डोकेदुखी एकच, चार सिटिंगमधे दुखणं कमी झालं की पेशंट गायब, व्यायाम कोण करणार, सहा महिन्यांनी तोच खांदा घेऊन परत हजर.

मम्मीचा डॉक्टरवाला मुद्दा, तर फिजिओंनी डॉ. लावू नये असं पत्र सप्टेंबर २०२५ मधे दिल्लीहून निघालं आणि लगेच मागे पण घेतलं. वाद चालूच राहणार, पेशंट काय मला सर म्हणतात. कोर्स आतापर्यंत साडेचार वर्षांचा होता, २०२५ च्या नव्या देशपातळीवरच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप एक वर्षाची धरून पाच वर्षं केलीत, त्यामुळे तुझ्या बॅचला कोणता लागू आहे ते कॉलेजला विचार. आणि मुंबईत सरकारी किंवा महापालिकेचं मिळत असेल तर पेशंटच पेशंट, केईएमचं फिजिओ स्कूल १९५३ चं आहे. बाहेर जायचं म्हणशील तर इंग्लंडला आमचं रजिस्ट्रेशन कागदपत्रं तपासून होतं, डेंटिस्टला साधारण ओआरई ही दोन भागांची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत त्यांना बहुतेक वेळा परत दोन-तीन वर्षं कॉलेजच करावं लागतं. आमचं पण तिकडं सोपं नाहीच.

दोन्ही_सोड
बीएएमएस घे ना, दोन्हीपेक्षा बरं

दाढदुखी
विचारलंय काय, सांगताय काय

कॅपराउंड_पीडित
मी एका मुलीचा बाप, मागच्या वर्षी यातूनच गेलोय म्हणून फक्त कागदांचं सांगतो. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधे असाल आणि घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर जुलै २०२४ च्या जीआरने मुलींची ट्यूशन फी माफ आहे, खासगी कॉलेज असलं तरी, पण सीट कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच मिळालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, अभिमत विद्यापीठाला नाही. आम्ही एका एजंटाच्या नादाने मॅनेजमेंटची सीट घेणार होतो, ॲडव्हान्स पण देऊन बसलो होतो, तो अजून परत आलेला नाही. हॉस्टेल, मेस आणि डेंटलला लागणारं सामान हे आपल्यालाच. अजून एक, बीडीएस आणि फिजिओ वेगळ्या ग्रुपमधे येतात, राउंडच्या तारखा मागेपुढे होतात, एकीकडे ॲडमिशन घेऊन दुसरीकडची वाट बघायची असेल तर सोडायची शेवटची तारीख आधी बघ, नाहीतर डिपॉझिट अडकतं.

लातूरची_रिपीटर
सगळ्यांना थँक्यू, जीआरचं पप्पांना माहितीच नव्हतं, आम्ही ओबीसी आहोत, ते आता उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला गेलेत. आणि दाढदुखी ताई, तुमचं वाचून काल रात्री साबणाची वडी घेतली आणि पुस्तकातलं चित्र बघत पेपर कटरने दाढ कोरत बसले. दीड तास कसा गेला कळलं नाही. मला एका जागी बसवत नाही असं मीच वर लिहिलंय ना 😐 सकाळी मम्मी ओरडली साबण कुठाय म्हणून.

दाढदुखी
फोटो टाक. आणि तहसीलवरून आले की पप्पांना विचार, फी माफ झाली तरी पाच वर्षांनी खुर्चीचे नऊ लाख कुठून आणायचे.