पीच श्नॅप्सला नावं ठेवणाऱ्यांना उत्तर

कोथरूडकर_७७
परवा एका पोस्टमध्ये ठणकावून सांगितलं होतं की पीच श्नॅप्स (पीचच्या स्वादाचं गोड लिकर, म्हणजे साखर घातलेली दारू) म्हणजे नुसता वास लावलेला साखरेचा पाक, आणि ज्याच्या घरी ती बाटली दिसेल त्याला कॉकटेलमधलं ओ की ठो कळत नाही. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याच्याने गप्प बसवेना.

1984 मध्ये अमेरिकेत डी कायपर कंपनीचं पीचट्री नावाचं पीच श्नॅप्स आलं आणि तुफान खपलं. फझी नेव्हल, वू वू ही कॉकटेल्स त्याच लाटेतली. तेव्हा कित्येक बारमध्ये ताजं लिंबू पिळायचे कष्ट कोणी घेत नव्हतं, पावडरीचं सावर मिक्स (लिंबाऐवजीचं आंबट-गोड मिश्रण) आणि डब्यातला ज्यूस चालायचा. बदनाम झाली बाटली! आयबीए या बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीतलं सेक्स ऑन द बीच हे कॉकटेलच घ्या: व्होडका 40 मिली, संत्र्याचा रस 40, क्रॅनबेरी 40 आणि श्नॅप्स फक्त 20. गोडमिट्ट लागतं ते पाकिटातल्या, साखर घातलेल्या रसांनी.

हे करून बघा: 45 मिली जिन, 20 ताजा लिंबूरस, 15 श्नॅप्स, वरून साखरपाक नाही. बर्फ घालून दणकून हलवा, गाळा, प्या आणि मग बोला.

रसायन_मास्तर
लिंबू पिळलं की काहीही बसवता येतं, त्यात श्नॅप्सचं कर्तृत्व काय? माझा आक्षेप साखरेवर नाहीच. फळ कुठे आहे? बिनचवीचं स्पिरिट, साखर आणि स्वाद. पीचचा तो वास गॅमा-डेकालॅक्टोनसारख्या लॅक्टोन्सचा असतो, कारखान्यात सहज बनतो. फ्रेंच क्रेम द पेश हे पीचचं लिकर आणा, त्यात खरी फळं भिजवलेली असतात.

कोथरूडकर_७७
साखरेवर आक्षेप नाही हे बरं झालं. कारण युरोपच्या नियमानुसार साध्या लिकरला लिटरमागे किमान 100 ग्रॅम साखर लागते, आणि तुमच्या त्या क्रेमला 250!

फिलीचा_मराठी
तुम्ही दोघंही खरं दुखणं सोडून बोलताय. इथे फिलाडेल्फियात 1732 मध्ये मासेमारीचा एक क्लब निघाला. फिश हाउस पंच हे मिश्र पेय त्यांचंच: रम, कोन्याक (फ्रेंच ब्रँडी), लिंबू, साखर आणि पीच ब्रँडी. ती ब्रँडी म्हणजे पीच आंबवून गाळलेली, पिंपात मुरलेली कडक दारू. अमेरिकेतल्या दारूबंदीनंतर ती जवळजवळ नामशेष झाली आणि लोक तिच्या जागी श्नॅप्स ओतायला लागले. एका लग्नात मला तसला पंच मिळाला. एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. इतक्या जुन्या पेयाची अशी वाट लावल्यावर राग येणारच.

रेडीचा_बाबलो
कसले पीच घेऊन बसलात? आमच्या सिंधुदुर्गात काजूबी काढून घेतात आणि बोंडं झाडाखाली कुजतात. पलीकडे गोव्यात त्याच बोंडांची फेणी होते, 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि गोव्याच्या शॅकवर बसून आपले लोक मागवतात काय, तर सेक्स ऑन द बीच! लाज वाटते. उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे बोंडांची एकदाच गाळलेली दारू घ्या, त्यात लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. कुठलं श्नॅप्स टिकतं बघू.

रसायन_मास्तर
फेणीचा वास चार टेबलांपलीकडे जातो, तिचं कॉकटेल कोण पिणार?

रेडीचा_बाबलो
टकीलाचा वास आवडतो, मेस्काल या मेक्सिकन दारूचा धुरकट वास आवडतो, फक्त आपल्या काजूचाच वास येतो होय? माझ्या आजोबांची भट्टी होती. पहिल्या धारेची हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. त्यात ना स्वाद, ना रंग, ना साखर. तुम्हाला फळ हवं होतं ना? हे घ्या फळ!

रसायन_मास्तर
अंगावर येऊ नका. फेणीत फळ आहे, मान्य. पण ती पीचच्या जागी चालणार नाही.

पणजी_संध्या
बाबलो, मुद्दा पटतो, पण सूर नाही. पर्यटक काय पितात यावरून लाज कसली? आमच्या घरी हुर्राक मार्च ते मे एवढीच असते. उरलेलं वर्ष पाहुण्यांना काही हलकं द्यायला मी श्नॅप्स ठेवते. आईस्ड टीत थोडं घालते, ज्यांना बाकी दारू कडू लागते त्यांनाही ते आवडतं. कळत नाही म्हणून हिणवणं मला झोंबलं होतं, म्हणून लिहिलं.

फिलीचा_मराठी
आईस्ड टीत घाला, जिनमध्ये 15 मिली घाला, माझी हरकत नाही. पंचात नको. आणि बेलिनी या कॉकटेलमध्ये तर अजिबात नको. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युसेप्पे चिप्रियानींनी ती पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको ही फेसाळ इटालियन वाइन घालून केली होती.

कोथरूडकर_७७
बेलिनीचं मी बोललोच नव्हतो, पण ठीक, तिथे गरच हवा. हिमाचलचे आडू, म्हणजे पीच, बाजारात येतात ते उन्हाळ्यातले थोडे आठवडे. ते संपले की मी बाटलीच उघडणार.

रेडीचा_बाबलो
आडू हिमाचलहून येतात, बोंडं मात्र सावंतवाडीहून पुण्याला येत नाहीत. ती एका दिवसात नासतात, गाळायची तर गावातच गाळावी लागतात. आमच्याकडे दारू गाळायच्या परवान्याचं काय, ते आधी कोणी सांगेल का?