मदत हवी आहे : बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असताना लहान मुलीला फ्लोराइडची पेस्ट द्यावी का?

नमस्कार. आम्ही नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात राहतो. माझ्या अडीच वर्षांच्या मुलीच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, गेल्या महिन्यात खडूसारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या आणि त्यांतला एक दात आता तपकिरी पडू लागला आहे. खालचे दात मात्र स्वच्छ आहेत. दंतवैद्यांनी कारण लगेच ओळखले : ती बाटली तोंडात धरून झोपते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध वरच्या दातांभोवती साचून राहते आणि कीड लागू लागते. खालच्या दातांवर जिभेचे पांघरूण असते. त्या दुधात साखर मीच घालत होते, हेही सांगून टाकते.

बाटली आता बंद केली आहे. "दुधाचेच दात, पडणारच की," असे सासूबाईंचे म्हणणे होते. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात हे ऐकल्यावर रात्रीच्या रडारडीत नातीला समजावण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले.

माझी अडचण पुढची आहे. पांढऱ्या रेषा या अवस्थेत भरून येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा लावायला सांगितली आहे. परंतु आमच्याकडे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आलेली माणसे गल्लोगल्ली दिसतात. आमच्या बोअरच्या पाण्यात तपासणीत लिटरमागे १.८ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. मानकानुसार ते १ पर्यंतच असावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. मुलीला अजून थुंकता येत नाही आणि तिचे कायमचे पुढचे दात याच वयात हिरडीच्या आत घडत आहेत, ही माझी खरी धास्ती आहे.

हिशेब केला तर दाण्याएवढ्या पेस्टमध्ये जेमतेम ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असते, म्हणजे ती सगळी गिळली तरी पाण्याच्या मानाने किरकोळच. तेव्हा पेस्ट चालू ठेवून पाणी बदलावे, असे माझे मत झाले आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट दाट होते, हे माहीत आहे. आरओ बसवल्यास केवळ पिण्याचे पाणी बदलून पुरेल, की वरण-भातालाही तेच वापरावे? आणि अशा पाण्याच्या गावात राहून कोणी इतक्या लहान मुलाच्या दातांना फ्लोराइड वार्निश (दंतवैद्य लावतात तो फ्लोराइडचा लेप) लावून घेतले आहे का?