बायपोलर म्हणजे नुसते मूड स्विंग्ज का?

प्रश्न: भावाला डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, महिन्याभरात एकदम उलटंच, दोन तास झोपून ताजातवाना, बडबड थांबेना, पैसे उधळतोय, आता डॉक्टर म्हणतात बायपोलर, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी असं उधाण. आधीचं निदान चुकलं का?

उत्तर १: चुकलं असं नाही म्हणता येत. बऱ्याच जणांचा आजार डिप्रेशननेच सुरू होतो, मॅनिया (म्हणजे हे असं उधाण) दिसेपर्यंत कळणार कसं? आणि नुसत्या अँटीडिप्रेसंटने कधीकधी मॅनिया उसळतो. तासातासाला मूड बदलणं म्हणजे बायपोलर नाही हो, मॅनिया कमीत कमी 7 दिवस टिकतो (ॲडमिट करावं लागलं तर कमीही चालतं), हायपोमॅनिया (मॅनियाचं सौम्य रूप) कमीत कमी 4 दिवस.

उत्तर २: मी लिथियमवर आहे. 1949 पासून वापरात असलेलं जुनं औषध, पण रक्तातली लेव्हल, किडनी, थायरॉईड तपासत राहावं लागतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर मनाने घ्यायच्या नाहीत, लेव्हल वाढते. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि दोनदा तोंडावर आपटलो.

प्रश्नकर्ता: तो म्हणतो मला काही झालेलंच नाही!

उत्तर २: मीही तेच म्हणायचो, वाद घालू नका. झोप किती होतेय ते रोज लिहून ठेवा, माझी तर आधी झोपच बिघडते, आणि सध्या त्याचं बँकेचं कार्ड तुमच्याकडे घ्या.