लग्नाचं उरलेलं सामान: माळ्यावर नको, विकायला काढा

ए-२०४: सोसायटीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. मुलीचं लग्न देवीच्या कृपेने छान पार पडलं. तुम्ही सगळे मदतीला उभे राहिलात, देव बरें करूं. आता हॉलमध्ये सामानाचा ढीग पडलाय. पितळी करंडे (वाटून उरलेले), एलईडीच्या माळा, स्टेजमागचा सॅटिनचा पडदा आणि त्याची लोखंडी फ्रेम, कृत्रिम फुलांची तोरणं, बॅटरीवरचे दिवे, आहेराची कोरी पाकिटं, थर्माकोलची मोठी अक्षरं. कुणाला काही हवं असेल तर सांगा, नाहीतर माळ्यावर टाकते. कुणाच्या तरी लग्नात लागेलच.

बी-१०१: काकी, माळ्यावर नका टाकू, हात जोडून सांगते. मृग तोंडावर आलाय. पाऊस लागला की आपल्या दमट हवेत सॅटिनवर काळे ठिपके पडतात, फ्रेमला गंज चढतो, दिव्यांतले सेल गळून आतली पत्री खराब होते. ज्याचे आज निम्मे पैसे येतील, ते दिवाळीला कुणी फुकटही नेणार नाही. सेल तर आजच काढून ठेवा.

आणि दुसऱ्या लग्नाची वाट कशाला बघायची? गोव्यात या सामानाचं खरं गिऱ्हाईक चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आहे. पडदा, तोरणं, माळा, सगळं मखराला चालतं. ज्यांची लग्नं तुळशीनंतर ठरलीत, तेही आत्तापासून शोधतायत. फोटो दिवसाउजेडी काढा, पडद्याची लांबी-रुंदी मोजून लिहा, डाग असेल तर त्याचाही फोटो टाका. लपवलेला डाग घरी गेल्यावर दिसतोच, आणि मग वाद होतो.

सी-३०२: माळा आम्ही घेतो. नाताळला बाल्कनीत आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला लागतात. लावून बघितल्यात का?

ए-२०४: अजून नाही.

बी-१०१: अर्धा तास पेटत्या ठेवा आणि व्हिडिओ काढा. प्लगजवळ वायर सोललेली असेल ती माळ कुणालाच देऊ नका, स्वस्तातही नको. लहान मुलांच्या घरात जाणार आहे ती.

डी-४०३: थर्माकोलची अक्षरं विकायची नाहीत बरं का. १ जुलै २०२२ पासून देशभर जी एकदाच वापरायची प्लास्टिकची उत्पादनं बंद केली, त्यात सजावटीचं थर्माकोलही आहे. वापरच नव्हे, विक्री आणि साठाही बंद. जाळू तर मुळीच नका. वेगळं बांधून सुक्या कचऱ्यात द्या.

ए-२०४: हे डेकोरेटरने बोललंच नाही! बरं, देते.

ए-१०३: वैनी, माझं एक ऐक. पूजेतलं काही विकू नये. अंतरपाट, मुंडावळ्या, कलशावरचा नारळ हे बाजारात मांडायचं नसतं.

बी-१०१: मावशी, अंतरपाट आणि मुंडावळ्यांचं तुमचं अगदी बरोबर, त्या घरातच राहू दे. ओटीचे खण आणि ब्लाउजपीस तर हळदीकुंकवात आपोआप फिरतात, त्यांना किंमत लावू नये असं मलाही वाटतं. पण वाटायला आणलेले करंडे पूजेला बसलेलेच नाहीत, त्यांत कसला दोष? काकी, त्यांवर नावं कोरलीत का?

ए-२०४: नाही, तळाला स्टिकर आहे. नावं आणि तारीख त्यावरच.

बी-१०१: मग काम सोपं. कोरलेली भांडी मोडीच्या भावानेच जातात, स्टिकर कोमट पाण्यात निघतो. पुढे ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवा, नाव चिठ्ठीवर घाला, वस्तूवर नको. काळवंडले असतील तर आमटीतून काढलेल्या सोलांनी (कोकमांनी) घासा आणि लगेच कोरडे पुसा. जे खोके उघडलेच नाहीत, त्यांचं बिल घेऊन आधी दुकानात विचारा. काही दुकानदार बदली सामान देतात, आणि तिथे भाव पूर्ण मिळतो. बाकीचे सुटे विकू नका, डझनाने द्या. एकेका करंड्यासाठी फोन घेता घेता जीव मेटाकुटीला येतो. उघडलेल्याला मी तरी निम्म्याहून जास्त सांगणार नाही.

सी-३०२: कोरी पाकिटं मला पाठवा, आहेराला सारखी लागतात. उरलेल्या पत्रिकांचं काय करताय?

ए-२०४: गणपतीचं चित्र आहे, रद्दीत टाकवत नाहीत.

ए-१०३: चित्र कापून देवाकडे ठेव, बाकीचं दे रद्दीत.

डी-४०३: चकचकीत सोनेरी थर असलेला कागद वेगळा काढा, तो साध्या रद्दीत चालत नाही. आणि बाहेर ऑनलाइन जाहिरात टाकणार असाल तर एक कळकळीने सांगतो. घेणारा न बघताच "सगळं घेतो" म्हणेल आणि क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणेल. यूपीआयवर पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही, पिनही लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार. चुकून गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

ए-२०४: बरं झालं सांगितलंत. मी तर कुणी सांगितलं ते करत गेले असते.

बी-१०१: बाहेर जायच्या आधी फोटो आपल्या ग्रुपवर आणि फोंड्याच्या नातेवाइकांत टाका, ओळखीत अर्धं तिथेच संपेल. फ्रेम आमच्या वाड्यावरच्या गणपतीला चालेल, भावाला विचारून संध्याकाळी कळवते. पण उंची किती ते सांगा, मंडप बुटका आहे.

ए-२०४: आठ फूट. नट काढले की दोन तुकडे होतात.

बी-१०१: मग चालेल. भाऊ हो म्हणाला तर रविवारी सकाळी आम्ही टेम्पो घेऊन येतो. नट वेगळ्या पिशवीत बांधून फ्रेमलाच अडकवून ठेवा.