पान प्रकाश ‘शोषते’, ‘ग्रहण करते’ की ‘टिपते’?

प्रश्न : आठवीच्या मुलांसाठी प्रकाशसंश्लेषणावर टिपण लिहितेय. पान सूर्यप्रकाश ‘शोषते’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे मुळं आणि पाणी येतं. ‘सूर्यप्रकाशाचे ग्रहण’ लिहिलं तर वर्ग हसणार. दुसरं क्रियापद आहे का? आणि हरितद्रव्य, हरितलवक एकच ना?

उत्तर १ : एकच नाहीत, ताई. हरितलवक हा पेशीतला घटक. त्याच्या आतल्या पटलांत बसलेलं रंगद्रव्य ते हरितद्रव्य.
क्रियापद ‘टिपणे’ घ्या. पाखरू दाणे टिपतं तसं, एका वेळी एक. प्रकाशही पुंजांनी, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या कणांनी येतो आणि रेणू एकेक पुंजच घेतो. शिवाय टिपण्यात निवड आहे. हरितद्रव्य-अ हा त्याचा मुख्य प्रकार ४३० आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळा-जांभळा आणि तांबडा प्रकाश सर्वांत जास्त घेतं. हिरवा त्यामानाने बराच निसटतो, म्हणून पान हिरवं.

उत्तर २ : ‘टिपणे’ गोड आहे, पण ‘शोषण वर्णपट’ (कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) ही संज्ञा रूढ आहे, पुढच्या इयत्तांत तीच भेटणार. दोन्ही लिहा.
आणि नुसतं टिपून भागत नाही. १९३२ मध्ये इमर्सन आणि अर्नोल्ड या संशोधकांनी क्लोरेला या एकपेशीय शैवालावर प्रकाशाचे क्षणिक झोत सोडले. एका झोतात ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला हरितद्रव्याचे सुमारे २,५०० रेणू असावे लागतात, असं निघालं. म्हणजे बहुतेक रेणू ऊर्जा टिपून शेजाऱ्याला देतात. ती हातोहात अभिक्रिया केंद्रापर्यंत जाते आणि खरं रसायन तिथे घडतं. या टिपणाऱ्या रेणूंच्या समूहाला सरळ ‘अँटेना’ म्हणा, सगळे तेच म्हणतात.

प्रश्न : मग तांबड्या शैवालात हरितद्रव्य नसतं?

उत्तर १ : असतं की! फायकोएरिथ्रिन नावाच्या तांबड्या रंगद्रव्याखाली झाकलेलं असतं. खोल पाण्यात तांबडा प्रकाश पोचतच नाही, निळा-हिरवा तेवढा उरतो. फायकोएरिथ्रिन नेमका हिरवा टिपून ऊर्जा हरितद्रव्याकडे धाडतं. बहामाजवळ २६८ मीटर खोलीवर तांबडं शैवाल सापडल्याची नोंद १९८४ मध्ये झाली. सुशी या जपानी पदार्थाभोवती गुंडाळतात ती नोरीही तांबड्या शैवालाचीच. भाजली की फायकोएरिथ्रिन मोडतं आणि हिरवा रंग वर येतो.

उत्तर ३ : इथे हमखास होणारी गल्लत : लाल माठही तसाच वाटतो. माठ शिजवला की पाणी लाल होतं, पाला हिरवट उरतो. पण तो लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा, आणि ते लवकात नसून रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीत असतं. प्रकाशसंश्लेषणाला ते ऊर्जा पुरवत नाही. तेव्हा टिपणात नुसतं ‘रंगद्रव्य’ नको, ‘प्रकाशसंश्लेषी रंगद्रव्य’ लिहा.

प्रश्न : लिहिलं : ‘हरितलवकातील प्रकाशसंश्लेषी रंगद्रव्ये प्रकाश टिपतात (शोषतात) व त्याची ऊर्जा अभिक्रिया केंद्राकडे पोचवतात.’ चालेल?

उत्तर २ : चालेल. फक्त नील-हरित जिवाणूंबद्दल लिहाल तेव्हा ‘हरितलवकातील’ काढा. त्यांच्यात लवक नसतं, पटलं तेवढी असतात.